पॅनोरामा हेडवर आकडा तोच, तरी खांब मोडतो

इंदूरच्या रामबागेतल्या आत्याच्या वाड्याच्या ओसरीला आठ लाकडी खांब आहेत. माझ्या पहिल्या पॅनोरामात त्यातला तिसरा कंबरेत मोडला होता. खालचा अर्धा जागेवर, वरचा अर्धा चांगला बोटभर उजवीकडे, आणि जिथे मोडला तिथे लाकडाचा पोत धुरकट. आत्याने चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला.

"अरे, हा खांब मोडलाय का?"

"नाही गं आत्या, फोटो जोडताना चुकलंय."

"मग नीट जोड. वाडा पाडायला अजून चार महिने आहेत, तू आधीच पाडू नकोस."

वाडा पाडायचं ठरलंच होतं. पाडण्याआधी खोली न् खोली ३६० अंशांत टिपून ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॅमेरा माझ्याकडे. पॅनोरामा हेड, म्हणजे ट्रायपॉडवर बसवून कॅमेरा एका ठरावीक जागेभोवती फिरवायचं, आकड्यांच्या पट्ट्या असलेलं साधन, त्यासाठीच घेतलं. दुकानदाराने दिलेल्या कागदावर आणि नेटवर माझ्या लेन्ससाठी वरच्या पट्टीचा आकडा ६४ असा मिळाला. ६४ वर लावलं, खांब मोडला. स्वतः तपासून ७२ काढला, खांब जुळला. पुढच्या रविवारी त्याच ७२ वर लावलं आणि खांब परत मोडला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा जे सापडलं ते खाली लिहितो आहे. ज्यांचा पॅनोरामा एकदा जुळतो आणि पुढच्या वेळी विनाकारण बिघडतो, त्यांच्यासाठी आहे हे.

माझं सामान असं: २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ ची किट लेन्स १८ वर, कॅमेरा उभा, दर ३० अंशांना एक असे मधल्या रांगेत १२ फोटो. हेड साध्यातलं. खाली क्लिक-क्लिक करत फिरणारा रोटेटर, त्यावर आडवी पट्टी, पट्टीच्या टोकाला उभा दांडा, दांड्यावर वर-खाली कलणारी दुसरी पट्टी आणि तिच्यावर कॅमेऱ्याची प्लेट धरणारा क्लॅम्प. तुमचं हेड दुसऱ्या घडणीचं असलं तरी हेच सांधे कुठल्या ना कुठल्या रूपात त्यात असतील.

बाहेर जुळतं, घरात का नाही

पहिल्या दिवशी माझी समजूत झाली की हेड ठीक आहे आणि वाड्यातच काहीतरी गडबड आहे. कारण त्याच सकाळी राजवाड्यासमोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्यापासून जरा लांब उभं राहून मी एक फेरी काढली होती आणि ती सुरेख जुळली. राजवाड्याचे सातही मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, एकही खिडकी तुटलेली नाही. मग संध्याकाळी खान नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या समाधींवर गेलो, खांबांच्या मधोमध ट्रायपॉड उभा केला, आणि तिथे पुन्हा वाड्यासारखीच मोडतोड. छत्रीत खांब हाताच्या अंतरावर, आणि त्यांच्या मधून दिसणारा पलीकडचा काठ कुठल्या कुठे. वाड्यात ओसरीचे खांब जवळ आणि चौकापलीकडची भिंत लांब. राजवाड्यासमोर मात्र जवळ काहीच नव्हतं.

दुखणं इथेच कळतं. एका डोळ्याने बघत बोट नाकासमोर धरा आणि मान हलवा, बोट मागच्या भिंतीवर सरकतं. मान न हलवता नुसतं बुबुळ फिरवलं तर फारसं सरकत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. लेन्स ज्या जागेतून जग बघते ती जागा रोटेटरच्या अक्षावर असली, तर कॅमेरा नुसता फिरतो. ती अक्षाच्या पुढे किंवा मागे असली, तर फिरताना तो चालतोही, आणि जवळच्या वस्तू लांबच्या वस्तूंवर सरकतात. ती सरक म्हणजे पॅरॅलॅक्स.

या जागेला सगळे नोडल पॉइंट म्हणतात. खरं तर ती एन्ट्रन्स प्युपिल, म्हणजे समोरून लेन्समध्ये डोकावल्यावर डायफ्रॅमचं, म्हणजे लेन्समधल्या उजेड कमी-जास्त करणाऱ्या पडद्याचं भोक जिथे असल्यासारखं वाटतं ती जागा. नावावरून भांडायचं कारण नाही, हेडवर लिहिलेलं असतं तेच म्हणा. पण 'समोरून डोकावा' हे लक्षात ठेवा, त्याचा पुढे उपयोग आहे.

किती सरकतं याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला आणि मग बरंचसं डोक्यात बसलं. प्युपिल अक्षाच्या ८ मिमी पुढे असेल आणि कॅमेरा ३० अंश फिरला, तर प्युपिल जागेवरून ४ मिमीच्या आसपास हलते. खांब ८० सेंटीमीटरवर आणि भिंत ८ मीटरवर असेल तर माझ्या कॅमेऱ्यात ही सरक २० पिक्सेलच्या वर जाते. म्हणजे दर मिलीमीटरच्या चुकीला अडीच पिक्सेल. हीच ८ मिमीची चूक घेऊन मोकळ्या जागेत गेलो, जिथे सगळ्यात जवळची वस्तू ५ मीटरवर आहे, तर सरक तीन-साडेतीन पिक्सेल. तेवढी सॉफ्टवेअर पोटात घालतं. राजवाड्याने मला हेड बरोबर असल्याची खात्री दिली ती अशी, खोटी.

म्हणून हेड तपासायचं तर घरात तपासा, खांबाशेजारी.

ज्यांच्यावर मी उगीच संशय घेतला

पहिला संशय लेव्हलवर. बुडबुडा मधोमध नाही म्हणून जोड चुकतो असं मला वाटायचं आणि मी दर फेरीआधी पाच-पाच मिनिटं ट्रायपॉडच्या पायांशी झटत बसायचो. लेव्हल चुकली तर क्षितिज लाटेसारखं वर-खाली जातं, खांब तिरके येतात, पण मोडत नाहीत. उभ्या रेषांवर कंट्रोल पॉइंट, म्हणजे काय कशाशी जुळवायचं ते सांगणाऱ्या खुणा, देऊन सॉफ्टवेअर ते सरळ करतं. लेव्हल जरूर करा, तिने काम हलकं होतं. फक्त रोटेटर सपाट असला पाहिजे. रोटेटर खाली आणि त्याच्या वर बॉल हेड अशी उतरंड रचली असेल तर वरचा बुडबुडा कितीही मधोमध आणा, काही अर्थ नाही.

दुसरा संशय सॉफ्टवेअरवर. फोटो जोडायला मी ह्युगिन वापरतो. त्यात कंट्रोल पॉइंटची यादी चुकीनुसार लावली की सगळ्यात वाईट पॉइंट वर येतात. मी ते पुसायचो, परत ऑप्टिमाइझ करायचो, म्हणजे चूक कमीत कमी होईल अशी जुळणी सॉफ्टवेअरकडून नव्याने काढून घ्यायचो, परत पुसायचो. सरासरी चूक एका पिक्सेलच्या आत आली, मी खूश, आणि खांब होता तसा मोडलेला. कारण पुसलेले सगळे पॉइंट खांबावरचेच होते! साक्षीदारच हाकलून दिल्यावर खटला जिंकणार नाही तर काय. आता मी ते पुसत नाही, कुठे आहेत ते बघतो. वाईट पॉइंट जवळच्या वस्तूंवर गोळा झालेले असतील आणि लांबची भिंत निर्दोष असेल, तर दोष हेडच्या जुळणीत. ते सगळीकडे विखुरलेले असतील तर लेन्सची आकडेवारी, फोकस किंवा हललेला ट्रायपॉड बघा.

इथेच आणखी एक सवय लावून घ्या. लेन्सच्या वाकडेपणाचे आकडे, म्हणजे डिस्टॉर्शनचे, मोकळ्या मैदानातल्या लांबच्या फोटोंवरून एकदा काढून ठेवा आणि घरातल्या पॅनोरामात ते न बदलता वापरा. बदलायला मोकळे ठेवले तर ऑप्टिमायझर पॅरॅलॅक्सची चूक लेन्सच्या माथी मारतो आणि सगळंच थोडं थोडं वाकवतो. मग दोष कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

कोणती पट्टी चुकली आहे

चुकीच्या दोन दिशा आहेत आणि त्यांच्या खुणा वेगळ्या. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रविवार वाचले असते.

प्युपिल अक्षाच्या पुढे-मागे असेल, म्हणजे वरची पट्टी चुकली असेल, तर जोडाच्या जागी कॅमेरा आडवा सरकलेला असतो. अशा वेळी उभ्या कडा बिघडतात: खांब दुहेरी होतो, कंबरेत मोडतो, खिडकीचा गज जाड दिसतो.

प्युपिल अक्षाच्या डावी-उजवीकडे असेल, म्हणजे खालची पट्टी चुकली असेल, तर जोडाच्या जागी कॅमेरा आडवा न सरकता वस्तूच्या जवळ किंवा लांब गेलेला असतो. मग डोळ्यांच्या उंचीवर खांब अगदी नीट जुळतो. पण वर कमानीपाशी आणि खाली फरशीवर जोड उसवतो. फरशीची रेघ पायरीसारखी तुटते. खांब ठीक आणि फरशी तुटलेली दिसली की वरच्या पट्टीला हात लावू नका.

खालची पट्टी जुळवणं सोपं आहे, म्हणून ती आधी. कॅमेरा सरळ खाली वाकवा, लेन्स रोटेटरकडे बघेल असा. लाइव्ह व्ह्यूवर जाळी चालू करा, छिद्र बारीक करा, एफ ११ वगैरे, म्हणजे जवळचं दिसायला लागेल. रोटेटरचा मधला स्क्रू फ्रेमच्या डाव्या-उजव्या दिशेने बरोबर मध्यावर येईपर्यंत खालची पट्टी सरकवा आणि आवळा. चित्र धुरकट आलं तरी गोलाचा मध्य कळतो. त्याआधी उभा दांडा खालच्या पट्टीशी काटकोनात आहे ना ते बघा. माझा नव्हता. वाड्याचं मोजमाप घ्यायला आलेल्या मिस्त्रींचा गुण्या कोपऱ्यात लावून पाहिला तेव्हा वर बोटभर फट दिसली. दांडा सैल होता, इतकंच. दोन स्क्रू आवळले.

ओळंबा

वरच्या पट्टीसाठी दोन उभ्या रेषा लागतात, एक जवळ आणि एक लांब. लोक दोन काठ्या रोवतात, दाराची चौकट धरतात, काहीही चालतं. मी मिस्त्रींचा ओळंबाच मागून घेतला. ओसरीच्या तुळईला झोपाळ्यासाठी चार कड्या आहेत, त्यातली एक रिकामी होती. तिला दोरी बांधून ओळंबा सोडला, कॅमेऱ्यापासून दीड हातावर. दोरी डुलत होती. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आतून पाण्याची बादली आणली आणि लंबक पाण्यात बुडवला. दोरी जागच्या जागी थांबली. हे त्यांच्या धंद्यातलं रोजचं, मला मात्र सुचलं नसतं.

लांबची रेष म्हणून चौकापलीकडच्या देवडीच्या चौकटीची कड घेतली, उजेडात असलेली. मग ट्रायपॉड असा ठेवला की फ्रेमच्या मध्यावर दोरी आणि कड एकमेकांवर येतील.

आता कॅमेरा डावीकडे फिरवा, दोरी फ्रेमच्या उजव्या बाजूला जाते. उजवीकडे फिरवा, ती डाव्या बाजूला जाते. दोन्ही ठिकाणी लाइव्ह व्ह्यू मोठा करून बघा, दोरी अजून कडेवरच आहे का. फिरवताना कडेच्या अगदी टोकापर्यंत जाऊ नका. मी ३० अंशांनी फिरवतो, म्हणजे माझे जोड मध्यापासून १५ अंशांच्या आसपास पडतात, तेव्हा तपासणीही तिथेच. फिशआय, म्हणजे फार रुंद कोनाची लेन्स, वापरत असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिची प्युपिल कोनानुसार जागा बदलते. टोकाशी जुळवलेली फिशआय तुमच्या जोडापाशी चुकलेली असू शकते.

दिशेचा नियम मी टेपवर लिहून दांड्यावर चिकटवला आहे, कारण दर वेळी डोकं उलटं चालतं: कॅमेरा उजवीकडे फिरवला आणि दोरी लांबच्या कडेच्या डावीकडे गेली, तर कॅमेरा फार पुढे आहे, मागे घ्या. दोरी उजवीकडे गेली, तर पुढे सरकवा.

सुरुवात कुठून करायची? समोरून डोकावा. छिद्र बारीक ठेवा, डेप्थ प्रीव्ह्यूचं, म्हणजे छिद्र प्रत्यक्ष बारीक करून दाखवणारं, बटण दाबा आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहून मान डावी-उजवी हलवा. भोक लेन्सच्या ज्या रिंगेच्या खोलीवर स्थिर वाटतं, साधारण ती रिंग अक्षावर आणा. यात अंदाज चुकला तर काही मिलीमीटर चुकेल, बाकीचं दोरी सांगते. माझी दोरी ७२ वर थांबली. १२ फोटो काढले, जोडले, आणि आठही खांब उभे. आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "हं, आता वाडा दिसला."

तोच आकडा, तोच खांब

आठ दिवसांनी माजघर आणि माडी करायला गेलो. पट्टीवर ७२, खालची पट्टी जागेवर, झूम १८, दांडा गुण्यात. घरी येऊन जोडलं, तर खांब मोडलेला.

ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट ही. पट्टीवरचा ७२ हा क्लॅम्पचा आकडा आहे. क्लॅम्प आणि प्युपिल यांच्या मध्ये प्लेट आहे, प्लेटचा स्क्रू आहे, कॅमेरा आहे, झूम रिंग आहे, फोकस रिंग आहे. यातलं काहीही हललं तरी पट्टी ७२च दाखवणार. तिला लेन्स दिसत नाही.

माझ्याकडे हलत होती ती प्लेट. प्लेट सर्वसाधारण, कुठल्याही कॅमेऱ्याला बसणारी, आणि कुठल्याही कॅमेऱ्याला बसावी म्हणूनच तिला भोकाऐवजी लांब खाच. त्या खाचेत पाव इंची स्क्रू दोन सेंटीमीटर तरी पुढे-मागे सरकतो. नाण्याने आवळला की घट्ट बसतो, पण कुठे बसला याचा कुणाला पत्ता नाही. त्यात माझ्या कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण स्क्रूच्या भोकाला इतकं खेटून आहे की प्लेट लावलेली असताना ते उघडतच नाही. म्हणजे बॅटरी संपली, प्लेट काढ, बॅटरी बदल, प्लेट लाव, नाणं शोध, आवळ. ७२ लावूनही मोडलेला खांब, नंतर माडीवरचा कठडा: फोटोंच्या वेळा काढून पाहिल्या तेव्हा प्रत्येक बिघाड बॅटरी बदलल्यानंतरचा निघाला. एकाच दुपारचे, एकाच खोलीतले दोन पॅनोरामे, मध्ये एक बॅटरी, आणि पहिला जुळलेला, दुसरा मोडलेला.

खात्री म्हणून ओळंबा पुन्हा सोडला. प्लेट मुद्दाम पाच वेळा काढून लावली आणि दर वेळी दोरी जुळेपर्यंत पट्टी सरकवून आकडा वहीत लिहिला: ७२, ६६, ६९, ७४, ६७. पाच वेळांत आठ मिमीचा फरक. खांबाच्या अंतरावर तो किती पिक्सेलचा होतो ते वर आलंच आहे.

उपाय तीन प्रकारचे केले. खरा उपाय एकच, बाकी दोन गरिबाचे. खरा म्हणजे त्याच मॉडेलसाठी बनवलेली प्लेट किंवा एल-ब्रॅकेट, जिला खाच नसते, कॅमेऱ्याच्या पाठीला टेकणारी कड असते आणि बॅटरीच्या झाकणापुरती जागा कापलेली असते. ती मागवली. ती येईपर्यंत बहिणीच्या नेलपॉलिशने प्लेटच्या खाचेशेजारी स्क्रूच्या डोक्याची जागा आखली आणि कॅमेऱ्याच्या तळावर प्लेटची कड. अर्ध्या मिलीमीटरपर्यंत तरी परत येता आलं. आणि घरातून निघतानाच बॅटरी भरलेली, एका जागेचे सगळे फोटो एका बॅटरीवर.

नवी प्लेट आल्यावर पुन्हा पाच वेळा काढून लावली, पाचही वेळा ७०. वहीत जुना ७२ खोडला. हा ७० माझ्या कॅमेऱ्याचा, माझ्या प्लेटचा, १८ वरचा आणि तीन मीटरच्या फोकसचा आहे. तुमच्या तो काहीच कामाचा नाही, आणि दुकानदाराच्या कागदावरचा ६४ मला जसा उपयोगाचा नव्हता, तसंच हे.

क्लॅम्पमध्येही प्लेट मागे-पुढे बसू शकते हे विसरू नका. प्लेटच्या टोकाला थांबा म्हणून एक बारीक स्क्रू असतो, तो पुष्कळांनी अडचण होते म्हणून काढून टाकलेला असतो. परत लावा.

झूम रिंगेबद्दल थोडक्यात: किट लेन्स खाली वाकवली की स्वतःच्या वजनाने सरकते, आणि झूम बदलला की प्युपिलची जागाही बदलते. रिंगेवर टेप मारा. फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाका, ऑटोफोकसने दर फोटोला नवीन निर्णय घेतला तर जुळणीची आशाच उरत नाही. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद.

खांब जुळले, तुळया तुटल्या

मधली रांग आता निर्धास्त येत होती. पण माडीच्या छताचा फोटो, कॅमेरा वर वाकवून काढलेला, जोडताना तुळया उसवायच्या. हे वेगळं दुखणं आहे आणि याची गंमत अशी की ते मधल्या रांगेत दिसत नाही.

कॅमेरा उभा लावला की प्लेटचा स्क्रू आडवा होतो, आणि लेन्सचं वजन कॅमेऱ्याला त्या स्क्रूभोवती खाली फिरवायला बघतं. कड नसलेल्या प्लेटवर कॅमेरा हळूच मान टाकतो. दोन अंश. डोळ्याला कळतही नाही. स्क्रूपासून प्युपिल साडेसात सेंटीमीटर पुढे असेल तर ती अडीच मिमी खाली उतरते. आडव्या रांगेत या उतरण्याने काही बिघडत नाही, कारण ती चूक फिरण्याच्या अक्षालाच समांतर आहे. पण कॅमेरा वर वाकवला की तीच उभी चूक आडवी होते आणि छतावर उतरते.

पाहायचं कसं, तर परत ओळंबा. दांड्यावरचा कोनाचा आकडा शून्यावर ठेवा आणि दोरी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनजवळ सोडून बाजूने बघा. स्क्रीन आणि दोरी समांतर दिसायला हव्यात. वर किंवा खाली फट फाकत गेली की कॅमेऱ्याने मान टाकली आहे. पाणसळ असेल तर ती स्क्रीनला उभी टेकवली तरी चालेल, हलक्या हाताने. कड असलेल्या नव्या प्लेटने हा प्रश्न जवळजवळ संपवला. जुन्या प्लेटवर मी रबराचा पातळ तुकडा घालून पाहिला होता. पकड वाढते, पण रबर दबतं आणि दर वेळी वेगळं दबतं. नको.

माडीवर आणखी एक घोळ होता आणि तो हेडचा नव्हताच. जमीन लाकडी फळ्यांची. मी कॅमेऱ्याभोवती फिरायचो तसतशी फळी माझ्या पायाखाली वाकायची आणि ट्रायपॉड एक केस कलायचा. बारा फोटोंत बारा वेगवेगळे कल. आता ट्रायपॉडचे पाय तुळईच्या ओळीत ठेवतो, त्याचा मधला खांब वर काढत नाही, आणि स्वतः शक्यतो एकाच फळीवर उभं राहून हेड फिरवतो. रिमोट वापरा. क्लिकच्या खाचेत रोटेटर थोडा हलत असेल तर दर वेळी एकाच बाजूने येऊन थांबवा.

काढून झालेल्या फोटोंचं काय

वाडा पुन्हा उघडता येत होता म्हणून मी पुन्हा काढले. लग्नाचा हॉल किंवा अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, पुन्हा कुठून आणणार? मोडलेला खांब तिथे मास्कने वाचतो. दोन शेजारच्या फोटोंपैकी ज्यात खांब अख्खा आहे तो ठेवायचा, आणि दुसऱ्या फोटोत खांबावर मास्क रंगवायचा, म्हणजे जोड खांबावरून न जाता बाजूच्या सपाट भिंतीवरून जातो. कंट्रोल पॉइंटही लांबच्या भिंतीवरचेच ठेवायचे. इथे पुसायला हरकत नाही, कारण आता तपास करायचा नाही, फोटो वाचवायचा आहे. भिंत थोडी खोटी होते, बघणाऱ्याला कळत नाही. यासाठी दोन्ही फोटोंत येणारा सामाईक भाग भरपूर लागतो. म्हणून ३० अंशांच्या जागी ४० अंशांनी फिरवून फोटो वाचवण्याचा मोह टाळा. माझी लेन्स उभी धरली की सुमारे ४७ अंश बघते. ३० वर एकतृतीयांशाच्या वर भाग दोन्ही फोटोंत येतो, ४० वर जेमतेम सात अंश उरतात आणि खांब अख्खा दोन्हीकडे सापडणार नाही.

ओसरीचा शेवटचा पॅनोरामा गेल्या आठवड्यात जोडला. आठ खांब, बावीस तुळया, फरशी, सगळं जागेवर. फक्त झोपाळ्याची एक साखळी दुहेरी आली आहे. ओळंबा काढला, पट्टी पाहिली, प्लेट पाहिली, ७०. मग फोटो एकेक करून उघडले. झोपाळ्यावर आत्या बसली आहे आणि तिचा एक पाय जमिनीवर, हलकेच ढकलत.

"दोन मिनिटं थांब म्हटलं होतं ना गं?"

"थांबले होते की. हा झोपाळाच थांबत नाही."

तो फोटो तसाच ठेवला आहे.